सव्वापाचचा दात

संक्रांत होऊन आठवडा उलटला तरी नसीमच्या हातांना झाडूची सवय होत नव्हती. दहा वर्षं त्या हातांनी माती चाळली होती, रोपं लावली होती. लोणी काळभोरच्या शिवारात, कालव्याच्या अलीकडे श्यामसुंदरशेटची रोपवाटिका होती. तिथं ती आणि तिचा नवरा तालिब दोघंही कामाला. तालिबकडे मोटारी आणि पाण्याच्या नळ्या, नसीमकडे खताचे ढीग. दिवाळीनंतर ती जमीन प्लॉटिंगला गेली. एका सकाळी जेसीबी आला, हिरव्या जाळीचं छप्पर मटकन खाली बसलं आणि दुपारपर्यंत तिथं नुसती लाल माती उरली. तालिबनं पान्यांची पिशवी मोटारसायकलला बांधली आणि पंप दुरुस्तीसाठी वस्त्यावस्त्यांवर हिंडायला लागला. नसीमला गावच्या हायस्कुलात झाडलोटीचं काम मिळालं.

मुख्याध्यापक रंगराव सरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तीन महिने बघू, तक्रार आली नाही तर पुढं ठेवू. तक्रार हा शब्द ते दोनदा बोलले.

तिची अलफिया त्याच शाळेत नववीला होती. काम लागलं त्या संध्याकाळी नसीम भाकरी थापत होती आणि पोरगी चुलीपासून लांब, उंबऱ्यात बसून पुस्तकाची पानं उलटत होती. पान उलटता उलटताच ती म्हणाली, "अम्मी, शाळेत मला हाक नको मारू."

नसीमनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "न्हाई मारणार," ती म्हणाली.

आणि तिनं शब्द पाळला. नववी अ च्या वर्गावरून जाताना ती बादली दुसऱ्या हातात घ्यायची, म्हणजे तोंड आपोआप पलीकडे वळायचं. अलफिया दाराजवळच्या शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेली असायची. मधल्या सुट्टीत कुणाच्या डब्यातलं सांडलं की पोरी सहज म्हणायच्या, राहू दे गं, मावशी झाडतील. तेव्हा तिची मान आणखी खाली जायची. नसीम ते सांडलेलं उचलायची आणि पुढं जायची.

विज्ञानाला श्यामलाबाई होत्या. कर्वेनगरहून दोन बस बदलून यायच्या, पाचची घंटा झाली की पिशवी उचलून स्टॉपकडे धावायच्या. बोलणं कोरडं आणि थोडकं. एकदा एका मुलानं प्रयोगशाळेत काचेची नळी फोडली तर त्या म्हणाल्या, "छान. आता उरलेल्या अकरा कधी फोडताय, तेवढं सांगा, मी रजा टाकते." पोरं त्यांना घाबरायची नाहीत, पण जपून असायची. यंदा त्यांनी खटपट करून प्रयोगशाळेत एक संगणक आणि त्याला जोडायचे उष्णता मोजणारे दोन सेन्सर आणले होते. बोटाएवढी धातूची कांडी, तिला लांब काळी वायर. कांडीला जेवढं गरम लागेल तेवढी पडद्यावर रेघ वर चढायची, दर पाच मिनिटांनी एक ठिपका, दिवसरात्र.

नसीमला बाईंनी एवढंच सांगितलं होतं, संगणकाला हात लावू नका. तिनं ते पाळलं, अगदी टेबलावरची धूळसुद्धा ती त्याच्यापासून वीतभर अंतर ठेवून पुसायची. ड्रमबद्दल तिला कुणी काहीच बोललं नव्हतं.

ड्रम दोन होते, भोकं पाडलेले, निळे. पोरांनी त्यांत सारखंच भरलं होतं, शेण, उसाचं पाचट, कापलेलं गवत, जत्रेतले शिळे झेंडू, आणि मधोमध एकेक कांडी खोचली होती. एक ड्रम रंगराव सरांच्या कचेरीसमोर, भर उन्हात. दुसरा मागे नळाजवळ, चिंचेच्या सावलीत. खत उन्हानं तापतं की आपलं आपण तापतं, असा बाईंचा प्रश्न होता. सगळा वर्ग उन्हातल्या ड्रमच्या बाजूनं होता.

पहिल्या दिवशी संगणकापुढं इतकी झुंबड उडाली की एका मुलीची चप्पल हरवली. तिसऱ्या दिवशी निम्मी पोरं आली. सहाव्या दिवशी नसीम प्रयोगशाळा झाडायला गेली तेव्हा बाई एकट्याच पडद्यासमोर बसल्या होत्या, डबा उघडा, पोळी हातात तशीच. रेघ जेमतेम चढत होती. मागे कुणीतरी मोबाईलवरचे व्हिडिओ सांगत होतं. बाई नसीमकडे न बघता म्हणाल्या, "खेळणं नवं होतं तोवर गंमत. आता आपल्यात आणि भिंतीवरच्या तक्त्यात काही फरक नाही बघा." तिनं बाकाखालचे कागद गोळा केले.

त्याच संध्याकाळी ती बादली भरायला नळावर गेली आणि सावलीतल्या ड्रमचा वास तिच्या नाकात शिरला. आंबूस, घुसमटलेला. दहा वर्षं खतात काढलेल्या बाईला तो वास म्हणजे बाळानं कण्हावं तसा. तिनं झाकण काढलं. वरचं पाचट दाबून बसलं होतं, मधे कोरडं पडलं होतं, तळाशी चिखल. हवाच नव्हती. तिनं कांडी अलगद उपसली, पदराला पुसून वायरीसकट झाकणावर ठेवली, परसातलं खोरं आणलं आणि ढीग वरचा खाली, खालचा वर केला. ओंजळीनं पाणी शिंपडलं. हाताला ओळखीची ऊब लागली तशी तिच्या खांद्यांतली दोन महिन्यांची गाठ सैल झाली. कांडी होती तशी मधोमध खोचून तिनं झाकण लावलं. कचेरीसमोरच्या ड्रमचंही तेच झालं असणार हे तिला माहीत होतं. पण तिकडं रंगराव सर खिडकीत बसलेले असत. तिकडं जायचं धाडस तिला झालं नाही.

ढिगाला एकदा हात लागला की रोज लावावा लागतो. ती रोज लावायला लागली. शाळा पाचला सुटायची, वर्ग झाडून सव्वापाचला ती नळावर पोचायची.

आठ-दहा दिवसांनी अलफिया घरी बोलायला लागली.

आधी नसीमला वाटलं, पोरगी तापानं बरळतेय. घरात त्यांची बोली दखनी आणि मराठीची मिसळ. त्या मिसळीत अलफिया दप्तर न उतरवता बडबडत होती. सावलीतला ड्रम बावन्न अंशांवर गेला होता, उन्हातला अडतीसला पोचून खाली यायला लागला होता, सगळ्या वर्गाची पैज फसली होती. आणि खरी गोष्ट वेगळीच. तिनं वहीचं पान फाडून जमिनीवर ठेवलं आणि पेन्सिलीनं रेघ काढली. रेघ चढत जाते, चढत जाते, आणि मधेच धपकन खाली, मग पुन्हा वर, आधीपेक्षा उंच.

"याला आमी दात म्हणतो," ती म्हणाली. "रोज पडतो. सव्वापाचला. रैवारी न्हाई पडत."

नसीमचा पिठातला हात थांबला.

तालिब हातावरचं ग्रीस रॉकेलनं पुसत होता. त्याला हा विषय मोटारीचा वाटला. सव्वापाचला टाकीची मोटार लागत असेल, होल्टेज पडत असेल, तो म्हणाला. अलफियानं मान हलवली. मोटार झाली, त्यांनी परवाच मोटार बंद ठेवून बघितलं. सोलापूर लाइनीवरची गाडी झाली, तिची वेळ जुळत नाही. चिंचेवरची वानरं झाली. घंटा झाली. पोरांनी फळ्यावर यादीच लावली होती आणि एकेक नाव खोडत चालले होते. पाचच्या घंटेनंतर कुणाला आवारात थांबू देत नसत, म्हणून पोरं सकाळी दहालाच येऊन पडद्यासमोर बसत होती, आदल्या संध्याकाळचा दात बघायला. बाईंनी काही सांगितलं नव्हतं, उलट कुणी उत्तर विचारलं की त्या म्हणायच्या, मला काय विचारता, मी पाचच्या बसला असते.

"आज मी हात वर केला," अलफिया म्हणाली. "मी म्हटलं, रैवार कळणारी वस्तू माणूसच असंल."

तालिब हसला. "वकील हाय का रे घरात."

नसीमनं पीठ पुन्हा मळायला घेतलं. तिला एकदम समजलं होतं. एवढ्या लोकांचा प्रयोग ती रोज संध्याकाळी खोऱ्यानं ढवळत होती. तक्रार हा शब्द तिला दोनदा ऐकू आला. उद्यापासून हात लावायचा नाही, तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती बादली भरून तशीच माघारी वळली. चार पावलं गेली. वर्गात आज अलफिया तिसऱ्या बाकावर बसली होती, हे तिनं बादली हातात न बदलता बघितलं होतं. ती परत फिरली आणि झाकण काढलं. ढिगाला गरज होती म्हणून की पोरीला, हे तिला नक्की सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी तिनं रजा घेतली. बिबवेवाडीला नणंदेच्या घरी बाळाचं नाव ठेवायचं होतं. ती रात्रीच्या आत परतली, दमून झोपली. शुक्रवारी अलफिया शाळेतून आली ती गप्प. दप्तर खुंटीला लावलं, वही काढली, ठेवली. नसीमनं विचारलं, आज दात पडला का. अलफियानं तिच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, आजचं उद्या कळंल. आणि भांडी घासायला बसली, जे ती सांगितल्याशिवाय कधी करत नसे.

सोमवारी नोटीस लागली. तालुक्याहून साहेब लोक प्रयोग बघायला येणार होते आणि कुणीतरी सामानाला हात लावतं हे पोरांच्या चर्चेतून रंगराव सरांच्या कानावर गेलं होतं. दोन्ही ड्रमवर पांढरा कागद चिकटवला. प्रयोगाच्या साहित्यास हात लावणाऱ्यावर कडक कारवाई करण्यात येईल. नसीम सातवी शिकली होती. तिनं तो कागद दोनदा वाचला, कोपरा सुटत होता तो ओल्या बोटानं दाबून चिकटवला आणि बादली भरून गेली.

त्या दिवसापासून दात पडला नाही.

चौथ्या दिवशी सावलीतल्या ड्रमची रेघ उतरायला लागली. पन्नास, पंचेचाळीस, एक्केचाळीस. शनिवारपर्यंत आंबूस वास नळापर्यंत आला. नसीम नाकाला पदर न लावता बादली भरायची, शिक्षा घेतल्यासारखी. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतली गर्दी ओसरली. फळ्यावरच्या यादीवर कुणीतरी क्रिकेटचा स्कोर लिहिला. बाईंनी तो पुसला नाही. तिसऱ्या बाकावर पोरी बदलल्या, आणि नसीम बादली दुसऱ्या हातात घ्यायला पुन्हा शिकली, कारण दाराजवळची मान पुन्हा खाली गेली होती.

घरीही बडबड थांबली. तालिबनं दोनदा विचारलं, वकील काय म्हणतात. अलफिया म्हणाली, काही न्हाई, बंद पडलं ते.

शुक्रवारी संध्याकाळी ती शेजारी मालनबाईंकडे दूध आणायला गेली असताना नसीमनं दप्तर उचललं, खालून झाडायला म्हणून. वही निसटून उघडी पडली. पट्टीनं आखलेलं पान होतं. तारीख, वार, दात पडला की नाही, किती वाजता, किती अंश उतरला. नोटिशीपर्यंतचे तेवीस दिवस, एकही चुकलेला नाही. रविवारांपुढं फुली. एका गुरुवारपुढंही फुली. आणि त्या फुलीशेजारी बारीक अक्षरात एक शब्द लिहून इतका खोडला होता की कागद फाटायला आला होता. नसीमनं पान उलटून दिव्याकडे धरलं. मागच्या बाजूनं अक्षरं उमटली होती. रजा.

शेवटचा रकाना कारणाचा. वरपासून खालपर्यंत कोरा.

म्हणजे पोरीला दोन आठवडे माहीत होतं. मोटार, गाडी, वानर, सगळ्यांची नावं फळ्यावर चढली होती, रोज सव्वापाचला नळावर असणाऱ्या झाडूवालीचं नाव कुणाला सुचलं नव्हतं. एकीला सुचलं आणि तिनं ते गिळलं होतं. वर्गात हात वर करायला शिकलेली पोर पुन्हा हात खाली ठेवून बसली होती, आपल्यासाठी. नसीम तिथंच जमिनीवर बसली. वही मिटली, दप्तरात ठेवली, वरचं बक्कल लावलं. दूध आलं, तापलं.

एरवी शाळा पूर्ण दिवस असायची, पण त्या शनिवारी सकाळची होती. साडेसातची प्रार्थना झाली तेव्हा मैदानावर अजून दहिवर होतं. विज्ञानाचा पहिलाच तास होता. नसीमनं परसातून खोरं घेतलं, बादली घेतली, सळई घेतली आणि नळाकडे न जाता ती सरळ कचेरीसमोर गेली, उन्हातल्या ड्रमपाशी. कागदाचा कोपरा पुन्हा सुटला होता. तिनं झाकण काढून कागदासकट भिंतीला टेकवून ठेवलं. कांडी उपसली, पुसली, बाजूला ठेवली. आणि खोरं घातलं.

खिडकीत रंगराव सर चहाचा कप धरून उभे राहिले. कप तसाच ठेवून बाहेर आले. "अहो बाई, वाचता येत नाही का?"

"येतंय सर." तळव्यांच्या भेगांत गार माती गेली होती. पण हात थांबले नाहीत. "तिकडच्या ड्रमला रोज मीच हात लावत होते. सव्वापाचला. तुमी कागद लावला तवापासून लावला न्हाई. दोन्ही मेलेत आता. हवा न्हाई, पाणी न्हाई. ऊन असून काय करतंय. मला काढायचं तर काढा, एवढं उलटून होऊ द्या."

रंगराव सरांनी इकडेतिकडे बघितलं, साक्षीदार शोधावा तसं. प्रयोगशाळेच्या खिडकीत पोरांची डोकी गोळा झाली होती. तिथं पडद्यावर उन्हातल्या ड्रमची मेलेली रेघ धपकन खाली आली होती, पहिल्यांदा, सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. श्यामलाबाई व्हरांडा उतरून आल्या, हातात खडू तसाच.

"कारवाई करायची आहे यांच्यावर," सर म्हणाले. "नोटीस लावली होती आपण."

"करू या की," बाई म्हणाल्या. "मजकूर मी सांगते. ड्रमला रोज संध्याकाळी हात लावावा, न लावणाऱ्यावर कडक कारवाई करण्यात येईल." मग त्या नसीमकडे वळल्या आणि आवाज उतरला. "मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, नसीमताई. झाकणावर तुमच्या हाताची माती होती. पण तो दात दिसल्यापासून ही पोरं शाळेत यायला लागली होती, खरंच यायला लागली होती. मी उत्तर सांगून टाकलं असतं तर पुन्हा सगळी भिंतीवरचा तक्ता झाली असती. म्हणून गप्प बसले. नोटीस लागली तेव्हा मात्र बोलायला हवं होतं. तुमच्या कामावर येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. चुकलं माझं."

ती खोरं टेकवून उभी राहिली. ढिगातून वाफेची एक बारीक रेघ निघाली, गार हवेत वर चढली.

रंगराव सरांनी वाकून ड्रममध्ये बघितलं. साहेब लोक बुधवारी येणार होते. "ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "पण इथलं सांडलेलं झाडून घ्या." आणि चहा गार होत होता म्हणून आत गेले.

तोवर पोरं खिडकीतून दारात आणि दारातून मैदानावर आली होती. ढीग उलटल्यानं गरम का होतो, आधी थंड का होतो, कांडी बाहेर काढली होती की आतच थंड झालं, सगळे एकदम विचारत होते. नसीम जपून उत्तरं देत होती, जणू आपणच परीक्षेला बसलोय. तिनं सळई ढिगात खोल खोचली. रोपवाटिकेत सेन्सर नव्हता, सळई होती. थोडा वेळ ठेवायची, काढायची, मुठीत धरायची. दहा आकडे म्हणेपर्यंत धरवली तर ढीग कच्चा. पाचातच सोडावी लागली तर खत पक्कं चालू. पोरांनी रांग लावली. एकेकानं सळई धरून आकडे म्हटले आणि सगळे दहाच्या पुढं गेले.

"मेलेला हाय अजून," नसीम म्हणाली. "मंगळवारी बघा."

अलफिया रांगेत नव्हती. ती प्रयोगशाळेतच राहिली होती.

रविवारी नसीम न बोलावता येऊन दोन्ही ड्रम उलटून गेली, सोमवारीही उलटले. मंगळवारी मधल्या सुट्टीत तिनं उन्हातल्या ढिगात सळई खोचली. निम्मी शाळा भोवती उभी होती, बाईसुद्धा डबा घेऊन. तिनं सळई उपसली आणि मुठीत धरली.

प्रयोगशाळेची खिडकी उघडली. पडद्यापाशी बसलेल्या पोरीनं अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"अम्मी, हाताला किती लागतंय?"

चार म्हणायच्या आत नसीमला सळई सोडावी लागली होती. तिनं तळहात पदराला घासला. डोळ्यांत पाणी आलं ते वाफेचं, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती.

"पन्नास," ती म्हणाली. मग जरा विचार केला. "पन्नासच्या वर. बावन्न धर."

खिडकीतलं डोकं आत गेलं. सगळे थांबले. बाईंची पोळी हातात तशीच. मग डोकं पुन्हा बाहेर आलं, या वेळी वहीसकट.

"त्रेपन्न," अलफिया म्हणाली. "एक अंश चुकलीस."

पोरं हसली, टाळ्या वाजल्या, घंटा झाली. नसीमनं सांडलेलं पाचट झाडून घेतलं. अलफिया खिडकीत बसूनच वहीत लिहीत होती. शेवटच्या रकान्यात, दात सुरू झाला त्या तिसऱ्या ओळीपासून खालपर्यंत, रविवार आणि एक गुरुवार सोडून, तेच एक नाव. वरच्यासारखंच म्हणून खाली दोन टिंबं देता आली असती. तिनं प्रत्येक ओळीत पूर्ण लिहिलं.